हात न लावता पेरणी

लग्न करून सनीव्हेलला आले तेव्हा माझ्याजवळ दोन सुटकेस होत्या, बॉटनीची पदवी होती आणि नोकरी करायची परवानगी नव्हती. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. नवरा चिप बनवणाऱ्या एका कंपनीत होता. सकाळी तो गाडी घेऊन गेला की दार लागायचं आणि मग दिवसभर फ्रिजची घरघर. खिडकीतून दिसायचा तो पार्किंग लॉट, तोही रिकामा, कारण ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते सगळे त्या घेऊन कुठेतरी गेलेले असायचे. मला गाडी येत नव्हती. नवऱ्याने काही रविवार शिकवायचा प्रयत्न केला, पण एकदा मी भर रस्त्यात गाडी कडेला लावून उतरले आणि चालत घरी आले. त्यानंतर तो विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

माहेरी पत्रात मी 'मजेत आहे' असं लिहायची. कसली मजा, मी डांबलेली होते. आणि कोणी डांबलं होतं असंही नाही, त्याचाच जास्त राग यायचा. ओरडायचं तरी कोणावर? नवरा चांगला होता, पगार चांगला होता, हवा तर इतकी चांगली की तिच्याबद्दल तक्रार करायचीही सोय नव्हती.

घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, जर्दाळूच्या एका जुन्या बागेच्या कडेला, शहराने रहिवाशांना भाजी लावायला जमीन दिली होती. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या माणसाला एकेक तुकडा, आपल्याकडच्या माजघराएवढा. मी अर्ज केला, बरेच महिने थांबले आणि एका वसंतात माझा नंबर लागला. घराच्या भाडेकरारावर माझं नाव नव्हतं, गाडीच्या कागदांवर नव्हतं. त्या तुकड्याच्या कोपऱ्यातल्या लाकडी खुंटीवर मात्र ते रंगाने लिहिलेलं होतं, स्पेलिंग चुकीचं का असेना. त्या देशात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

पानाचा आडवा छेद मी झोपेतही काढून दाखवला असता, पण खाण्याजोगा टोमॅटो मी आयुष्यात पिकवला नव्हता. शेजारच्या तुकड्यावर एक पोर्तुगीज वंशाच्या बाई होत्या, सत्तरीच्या आसपासच्या, कायम पुरुषी शर्टात. त्यांच्याकडे टोमॅटोशिवाय दुसरं काही नसायचं, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना टोमॅटोबाई म्हणायची. टोमॅटोचं रोप मानेपर्यंत मातीत पुरायचं, म्हणजे खोडालाही मुळं फुटतात, हे त्यांनी मला शिकवलं. बोलणं कमी. माझं रोप उपटायच्या, खड्डा खोल करायच्या, परत लावायच्या आणि 'बघितलं?' अशा नजरेने माझ्याकडे पाहायच्या.

बागेचा एक नियम होता आणि तो मला फार आवडायचा. प्रत्येकाने वर्षातून एका शनिवारी बाकीच्यांना काहीतरी शिकवायचं. जमीन आणि पाणी मिळतं, त्याची ही परतफेड. कोणी पालापाचोळ्याचं खत शिकवलं, कोणी वेलाला आधार कसा द्यायचा ते. एकाने तर गोगलगायी मारायला रात्री बशीत बिअर ठेवायची असं शिकवलं. गोगलगायी त्यात आनंदाने बुडतात म्हणे. जो आपला शनिवार चुकवेल त्याचा तुकडा यादीतल्या पुढच्या माणसाला जायचा. तारीख एकदा बदलून मिळे, दुसऱ्यांदा नाही. हे सगळं सांभाळायला बागेचे सेक्रेटरी होते, सैन्यातून निवृत्त झालेले, हसतमुख पण नियमाला पक्के.

माझा विषय ठरलेला होता. त्या बागेत कोणाचीच कोथिंबीर धड उगवत नव्हती. पाकिटातले धणे हे लोक अख्खेच्या अख्खे पेरायचे आणि मग बियाण्याच्या कंपनीला शिव्या घालायचे. पेरायचे धणे चपलेखाली रगडून त्यांची दोन दलं करायची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मी ठरवलं, धणे आणि जोडीला मेथी. माझा शनिवार सप्टेंबरात होता, पण नेमक्या त्याच दिवशी सासूबाईंचं विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरणार होतं. मी तारीख बदलून ऑक्टोबरातली घेतली. माझी एक सवलत अशी विमानतळावर खर्ची पडली.

सासूबाई मिरजेच्या. सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. स्वभावाने कडक पण दुष्ट नव्हेत, हे आधीच सांगते, नाहीतर सासू म्हटल्यावर वाचणारा आपापली सासू आठवून मोकळा होतो. त्या येईपर्यंत मी नवऱ्याला अरे-तुरे करत होते. त्या आल्या त्या संध्याकाळी माझ्या तोंडून आपोआप 'अहो' निघालं आणि नवऱ्याने चक्क मागे वळून पाहिलं, की दुसरं कोणी आलंय की काय.

आठवड्याभरात मला कावळा शिवला. एका बेडरूमचं घर, एक बाथरूम. लपवणार काय आणि कुठे? सासूबाईंनी फार शांतपणे सगळं ठरवून टाकलं. मी बाजूला बसायचं. स्वयंपाक त्या करतील. माझं जेवण कागदाच्या प्लेटमध्ये, खाऊन झालं की कचऱ्यात. "हे बाकी बरंय हो तुमच्या अमेरिकेत," त्या म्हणाल्या, "भांडं घासायला नको, विसळायला नको."

अडचण आली ती गालिच्याची. घरभर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकच गालिचा होता. त्याच्या एका टोकाला मी बसले तर दुसऱ्या टोकाला कपाटावर ठेवलेल्या देवांचं काय? सासूबाईंनी गालिच्याचा धागा बोटांत चोळून पाहिला. "लोकरीला विटाळ नसतो. लोकरीचा आहे का हा?" नवरा म्हणाला, "नायलॉन आहे, आई." मला वाटलं, तो हसेल. काहीतरी बोलेल. तो इंजिनिअर माणूस उठला आणि म्हणाला, "किचनमध्ये लिनोलियम आहे, कार्पेट नाही. तो पार्ट सेपरेट धरता येईल." मग देव स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात गेले, आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी चटई टाकून मी बसले. समोर पार्किंग लॉट.

रात्री मी चटईवरून दबक्या आवाजात नवऱ्याशी भांडले. "अगं, जस्ट सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. "आईला या वयात काय एक्सप्लेन करणार? अ‍ॅडजस्ट कर ना, यार." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण चटईवर तो बसला नव्हता.

त्या चार दिवसांत झाडांनाही हात लावायचा नाही हे ओघानं आलंच. कोथिंबीर जळते, तुळस वाळते, लोणचं नासतं. लहानपणी आमच्या घरीही हेच होतं, पण हॉस्टेलवर राहायला गेल्यापासून मी ते सोडून दिलं होतं, किंवा सोडून दिलं असं मला वाटत होतं. आता ऑक्टोबरच्या त्या शनिवारची तारीख मी मोजली. पाळीचा दुसरा दिवस. एखाद-दोन दिवस पुढेमागे होईल अशी आशा धरली, पण शुक्रवारी सकाळी ती आशाही गेली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. पाठ चुकवला तर तुकडा जाणार. पुन्हा यादी, पुन्हा ती वाट पाहणं, आणि तोपर्यंत खिडकी. पाठ घ्यावा तर हातांशिवाय घ्यायचा कसा? मी सेक्रेटरींना फोन केला आणि तारीख बदलून मिळेल का विचारलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, घरगुती कारण आहे. ते म्हणाले, "मला वाईट वाटतं, पण मागच्या वर्षी एकाचं हिप फ्रॅक्चर झालं होतं, त्यालाही मी दुसऱ्यांदा बदलून दिली नाही." आता हिपपुढे मी काय सांगणार होते?

मी चटईवरूनच सासूबाईंना सांगितलं, "आई, उद्या नाही गेले तर माझी जागा जाईल."

त्या तांदूळ निवडत होत्या. "हात लावून कोथिंबीर जळली तर जागा ठेवून काय करशील?"

मला रडू आलं होतं, आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. सासूबाईंनी ताट बाजूला सरकवलं.

"जाऊ नको असं कोण म्हणतंय?" त्या म्हणाल्या. "शिवायचं नाही, एवढंच. तोंडाला कुठे विटाळ असतो? बी मी घेऊन येते."

शनिवारी आमची मिरवणूक निघाली. मी पुढे, रिकाम्या हाती. मागे दहा पावलांवर सासूबाई, नऊवारीवर नवऱ्याचं जाकीट, हातात धण्यांचा आणि मेथ्यांचा डबा. बागेत मंडळी उपड्या बादल्यांवर बसली होती. मी माझ्या तुकड्याबाहेरच्या खडीच्या वाटेवर उभी राहिले, हात पाठीमागे एकात एक घट्ट धरले आणि इंग्रजीत म्हणाले, "आज मी कशालाही हात लावणार नाही. सगळं तुम्ही करायचं. मी फक्त सांगेन."

सासूबाईंनी प्रत्येकाच्या तळव्यावर मूठमूठ धणे दिले, प्रसादासारखे. मी म्हणाले, वाटेकडेच्या सिमेंटच्या पट्टीवर टाका आणि बुटाने रगडा. आधी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग टोमॅटोबाईंनी सुरुवात केली आणि नंतर सगळी बाग बूट घासायला लागली. "हळू! पीठ नका करू!" सासूबाई मराठीत ओरडल्या, आणि लोकांना ते बरोबर समजलं. मग वाफ्यात बोटभर अंतरावर रेघा, त्यात बी, वर चिमटीने माती. हे 'चिमटीने' इंग्रजीत सांगताना माझी दमछाक झाली. हाताने दाखवलं असतं तर एका क्षणाचं काम होतं. सेक्रेटरींनी मेथी इतकी खोल गाडली की ती पाताळातच उगवली असती. माझा हात सुटला, पुढे गेला, आणि मागे सासूबाई खोकल्या. हात परत पाठीमागे. "वर काढा," मी म्हणाले. "अजून वर. आता बोटाने माती भुरभुरा, मीठ टाकल्यासारखी." त्यांनी भुरभुरली, आणि काय सांगू, अगदी बरोबर भुरभुरली.

पाठ संपला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बागेत टाळ्या कधी वाजत नसत. सेक्रेटरी मातीचे हात झटकत म्हणाले, "वर्षातला सगळ्यात चांगला पाठ. बाकीचे सगळं स्वतः करून दाखवतात, आम्ही बघतो आणि घरी जाऊन विसरतो. तुम्ही आमच्याकडून करून घेतलंत. पुढच्या वर्षी सगळ्यांनी असंच शिकवायचं." आणि खरंच तसं झालं. पुढच्या वर्षी त्या बागेत जो तो हात पाठीमागे बांधून शिकवत होता. माझा तुकडा वाचला, मान वाढला. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला इतका संताप आला होता की तोंडातून 'थँक यू' निघेना. मला बांधून घातलं होतं, आणि या लोकांना त्यात कौशल्य दिसत होतं.

सगळे पांगल्यावर टोमॅटोबाई माझ्याजवळ आल्या. "हाताला काय झालंय?" त्यांनी विचारलं. त्या एकट्यांनाच काहीतरी खटकलं होतं. 'दुखतोय' असं सांगता आलं असतं. पण मी चिडलेली होते आणि मी खरं ते सांगून टाकलं. आता या हसतील किंवा कीव करतील, आणि केली तर मी यांच्याशीही भांडेन, अशा तयारीत मी होते.

त्या हसल्या नाहीत. "आमची आई त्या दिवसांत टोमॅटो बाटल्यांत भरताना आम्हाला स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या बाटल्या आंबतात म्हणायची."

मी थक्क झाले. "मग ते सुटलं कधी?"

"कॅनरीत लागले तेव्हा. इथे टोमॅटोचे डबे भरायची फॅक्टरी होती. तिथला सरकता पट्टा काही थांबत नाही. आज मला अडचण आहे असं फोरमनला कोण सांगणार? पट्ट्यावर आम्ही सगळ्या बायकाच. रोज कोणाची तरी ती वेळ असणारच. साऱ्या देशाने ते डबे खाल्ले."

"काय म्हणतात त्या?" सासूबाईंनी विचारलं. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितलं, आणि कबूल करते, चवीने सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग त्या लोणचं घालणाऱ्या बाईच्या गांभीर्याने म्हणाल्या, "विचार त्यांना, एकही डबा नासला नाही?"

मी विचारलं. "नासायचे की," टोमॅटोबाई म्हणाल्या. "झाकण नीट बसलं नाही की नासायचे."

घरी आल्यावर सासूबाईंनी फडताळातला टोमॅटोचा डबा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि परत ठेवला. आमच्याकडे बाकीच्या वेळी याच डब्यातल्या टोमॅटोचं सार व्हायचं आणि आधी देवापुढे जायचं. त्या रात्री त्यांनी सारासाठी चिंच कोळली. पुढे बरेच दिवस घरात चिंचच होती. मला हसू येत होतं आणि रागही. नियम सोडण्यापेक्षा त्यांना टोमॅटो सोडणं सोपं वाटलं होतं.

मेथी उगवली, दाट. धणेही फुटले. सासूबाई आता माझ्याबरोबर रोज बागेत यायला लागल्या. घरात त्यांचीही माझ्यासारखीच घुसमट होत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यांना तर पार्किंग लॉटवरच्या पाट्याही वाचता येत नव्हत्या. टोमॅटोबाई आणि त्या एकमेकींना खुणांनी काय काय सांगायच्या, देव जाणे. एकदा मी पाहिलं, टोमॅटोबाई हवेत हात फिरवून पट्टा कसा चालायचा ते दाखवत होत्या आणि सासूबाई मान डोलवत होत्या.

नोव्हेंबरात माझे दिवस आले. मी सवयीने चटई उचलली. सासूबाई ओट्याशी होत्या, पाठमोऱ्या. साराला फोडणी दिल्याचा वास आला आणि फडताळाखाली टोमॅटोचा रिकामा डबा दिसला.

"मेथी जून होईल," त्या म्हणाल्या. "जाऊन खुडून आण."

"मी?"

"मग कोण? मी आल्यावर महिनाभर ते डबे आपण खाल्ले, देवाला दाखवले. देवाला काही झालं नाही. मेथीला काय होणार?" मग म्हणाल्या, "घरात मात्र माझ्याच्याने जमायचं नाही गं. या वयात नाही. पण बाग तुझी आहे."

चप्पल अडकवली आणि मी जवळजवळ पळतच गेले. बाग रिकामी होती, फक्त टोमॅटोबाई त्यांच्या तुकड्यावर वाळलेले वेल उपटत होत्या. मी माझ्या वाफ्यात शिरले. खडीच्या वाटेवर नाही, आत, मातीत. मेथी घोट्याच्या वर आली होती, कोवळी. तिच्या पानातलं हरितद्रव्य कसं काम करतं ते मला पाठ होतं. माझ्या रक्ताचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, हे मी लेखी परीक्षेत लिहून गुण मिळवले असते. मागे कोणी खोकणारं नव्हतं. मी वाकले, हात पुढे केला, आणि पानांच्या वर वीतभर तो थांबला.

मी त्याला दामटलं. तो जाईना. जळली तर? असं माझ्याच मनात, माझ्याच आवाजात आलं. महिनाभर ज्यांच्यावर मनातल्या मनात ओरडत होते त्या तर घरी सार ढवळत होत्या. मी तशीच वाकून उभी राहिले, पाठ भरून आली, आणि मला आयुष्यात कधी वाटली नव्हती तेवढी भीती वाटली.

शेवटी मी टोमॅटोबाईंना हाक मारली. म्हणाले, "जरा एवढी मेथी खुडून द्याल का? माझे हात मातीने भरलेत."

त्या कमरेवर हात ठेवून उठल्या, माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या स्वच्छ, कोरड्या हातांकडे पाहिलं. मग काही न विचारता खाली बसल्या आणि मेथी खुडायला लागल्या.